ज्वारीच्या मुळांशी यीस्ट शोधताना

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की अर्धा वर्ग रायझोबियम हा जिवाणू नाहीतर ट्रायकोडर्मा ही बुरशी धरतो. वाट मळलेली, मीडिया (सूक्ष्मजीव वाढवायची माध्यमं) ठरलेले, सीनियरच्या फाइली हाताशी. मी शेतातल्या मातीतलं यीस्ट, म्हणजे सुट्या पेशींची एकपेशीय बुरशी, मागितलं. गाइड म्हणाले, "यीस्ट सापडेल गं, पण बुरशी रडवेल." पुढचे कित्येक आठवडे मी यीस्ट शोधत नव्हते, तंतूंनी पसरणारी बुरशी थोपवत होते.

माती मंगळवेढ्याकडची, रब्बी ज्वारीच्या रानातली. तिकडे मालदांडी ज्वारी मुळासकट उपटतात, म्हणून काढणीच्या वेळी गेलं की मुळं आयती मिळतात. एरवी भेगाळलेल्या काळ्या रानातून ती खणून काढणं म्हणजे शिक्षाच. रानमालक मामांना मात्र नवल वाटलं. "ताई, लोक हितं ज्वारी न्यायला येतात, तुम्ही माती न्यायला आलाय व्हय?"

मुळांना झटका दिला की सुटी माती गळून पडते. त्यानंतरही बारीक मुळांना चिकटून राहते ती रायझोस्फिअरची माती. मुळांतून झिरपणाऱ्या साखरा आणि आम्लांमुळे इथली जीवसृष्टी आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी असते. ही कल्पना जर्मनीच्या लोरेंझ हिल्टनर यांनी 1904 साली मांडली. तुलनेसाठी दोन ओळींमधली माती वेगळ्या पिशवीत घेतली आणि सगळं बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आणलं.

खरी मेख इथून पुढे. ग्रॅमभर मातीत जिवाणू कोटींच्या घरात असतात, यीस्ट बहुतेक वेळा काही शे ते काही हजार. जिवाणूंसाठी आपण दहा लाख पट डायल्यूशन (मातीचं द्रावण पातळ करणं) सहज करतो. तेवढं केलं तर यीस्टची प्लेट कोरीच राहते. म्हणजे दहा पट, फार तर शंभर पटीवर थांबायचं. पण तेवढ्या दाट द्रावणात बुरशीचे बीजाणूही भरपूर येतात. दोन दिवसांत रायझोपस झाकणापर्यंत चढतो, काळा अ‍ॅस्परजिलस बाकीची जागा घेतो आणि यीस्टच्या टाचणीएवढ्या कॉलनी त्याखाली गडप होतात.

यावर एकच रामबाण उपाय नाही, थोडं थोडं सगळंच करावं लागतं. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलं. ते ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) टिकतं, त्यामुळे आधीच मिसळता येतं. मीडिया आम्लधर्मी करायचा असेल तर आम्ल मात्र ऑटोक्लेव्हनंतर, अगार (मीडिया थिजवणारा पदार्थ) जरा निवल्यावर घालायचं. आधी घातलं तर अगार तुटतो, प्लेट नीट थिजत नाही आणि स्ट्रीक करताना, म्हणजे रेघा ओढून पेशी पसरताना, तारेचा लूप आत रुततो. बुरशीचा पसारा आवरायला रोझ बेंगाल हा रंग. त्याच्या प्लेटा अंधारात ठेवायच्या, कारण उजेडात त्या रंगापासून यीस्टलाही मारक पदार्थ तयार होतात.

याशिवाय थोडी माती आम्लधर्मी द्रव माध्यमात टाकून फ्लास्क शेकरवर लावले. हलत्या द्रवात बुरशीच्या गोळ्या होतात, यीस्टच्या सुट्या पेशी तरंगत राहतात. फ्लास्क थोडा वेळ स्थिर ठेवला की गोळ्या तळाला बसतात आणि वरचं गढूळ पाणी प्लेटवर पसरता येतं. पण या पद्धतीत भरभर वाढणारी जात बाकीच्यांना मागे टाकते. म्हणून संख्या थेट प्लेटवरूनच मोजायची. शेकरचा उपयोग फक्त जाती मिळवायला. आणि मार्चमध्ये सोलापूरकडच्या खोलीच्या तापमानावर विसंबू नये. मातीतल्या कित्येक यीस्टना पस्तीस अंशांपलीकडे वाढताच येत नाही, त्यामुळे बीओडी इन्क्युबेटर (गारवाही देणारी, तापमान स्थिर ठेवणारी पेटी) 25 अंशांवर हवाच.

सगळ्यात आधी ओळख पटली ऱ्होडोटोरुलाची. गुलाबी-केशरी कॉलनी, नवख्यालाही चुकणार नाही. पण माझा जीव जडला तो लिपोमायसिसवर. नायट्रोजन न घातलेल्या अ‍ॅशबी अगारवर बाकीची मंडळी रेंगाळत असताना याच्या चिकट, बुळबुळीत कॉलनी फुगत होत्या. प्लेट उलटी ठेवली तर ओघळून थेट झाकणावर! हे यीस्ट हवेतला नायट्रोजन बांधत नाही, माध्यमातल्या अंशमात्र नायट्रोजनवर भागवतं. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशीत चरबीचा एक टपोरा, चकाकणारा थेंब. नायग्रोसिन हा काळा रंग लावला की पेशीभोवती रुंद पांढरं वलय. हे वलय म्हणजे पॉलिसॅकराइडचं कवच. असं कवच कोरड्यात पेशीला तगवतं आणि मातीचे कणही एकमेकांना चिकटवतं. पावसाळा संपल्यावर ओलाव्यावर वाढणाऱ्या पिकाच्या रानात ते सापडावं, हे मला तरी पटण्यासारखं वाटलं.

ओळखीसाठी आधी स्वस्तातली युरिएज (युरिया फोडणारं एन्झाइम) चाचणी केली. ख्रिस्टेन्सनचा मीडिया गडद गुलाबी झाला तर बहुधा बेसिडिओमायसीट (अळंबीच्या) गटातलं यीस्ट. मग डीएनए. त्या कवचामुळे पेशी फुटता फुटेनात, शेवटी काचेचे मणी घालून व्होर्टेक्स केल्या. 26 एस रायबोसोमल आरएनए जनुकाच्या डी1/डी2 भागाचे सुमारे 600 बेस (डीएनएची अक्षरं) वाचले की बहुतेक जातींचं नाव लागतं.

सालकोव्स्की अभिकर्मकाने काही कल्चरनी (वेगळ्या काढून वाढवलेल्या यीस्टनी) गुलाबी रंग दिला, म्हणजे मुळांची वाढ घडवणाऱ्या इंडोल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची चाहूल. पण तोही ट्रिप्टोफॅन हा त्याचा कच्चा माल घातल्यावरच. टेस्टट्यूबमधल्या या रंगावरून "पीकवर्धक यीस्ट" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निर्जंतुक मातीच्या कुंडीत रोपं तरारली, तीच कल्चर रानातल्या साध्या मातीत घातल्यावर फरक डोळ्यांना दिसेना. तिथे आधीच ठाण मांडून बसलेली जीवसृष्टी नवख्याला सहजासहजी जागा देत नाही. व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं यावरच धरलं आणि मी कुंड्यांचे दोन्ही तक्ते पुढे ठेवले.

या वाटेने येणाऱ्यांनी जुने पेपर शोधताना यीस्टची जुनी-नवी दोन्ही नावं टाकावीत. मातीतली क्रिप्टोकॉकस गणातली कित्येक यीस्ट 2015 च्या फेररचनेत दुसऱ्या गणांत गेली: क्रिप्टोकॉकस टेरियस आता सोलिकोकोझायमा टेरिया, अल्बिडस आता नागानिशिया अल्बिडा. एकाच नावाने शोधलं तर अर्धं साहित्य हाती लागत नाही.