खारीला आवरताना

मावशीची धाकटी मुलगी आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळात, रोग (rogue, चपळ चोरटं पात्र) खेळते. पात्राचं नाव खार. या खारीने मला, म्हणजे डीएमला (गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्याला), अगदी जेरीस आणलं होतं. आम्ही 2014च्या नियमांनी खेळतो, सगळे पाचव्या लेव्हलला. ती पळत यायची, खंजीर खुपसायची, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) डिसएंगेज, म्हणजे वार न खाता निसटायची मुभा, घ्यायची आणि परत खांबाआड. जाता जाता तिच्यावर वार करायची सोयच नाही.

आधी एका ओगरला (धिप्पाड राक्षसाला) तिला धरायला पाठवलं. फाशात मिळवायला ओगरचा जोर +4, हिची ॲक्रोबॅटिक्स (चपळाई) +10! दोनदा निसटली. "दादा, मी साबण लावून आलेय," वर हे ऐकून घ्यावं लागलं. पुढच्या रविवारी मी चिडून सगळे बाण तिच्यावरच सोडले. तिने फासे बाजूला ठेवले आणि गुपचूप भाजी-पाव खाल्ला. चूक माझीच होती. निसटण्यासाठीच तर तिने रोग घेतला होता.

मावशीचं घर दिवाडीला. जुन्या गोव्याहून फेरी पकडायची. त्या दिवशी परतताना खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावरून चालत होतो, पाय घसरून खाली गेलो तर घोट्यापर्यंत रुतलो. चप्पल चिखलातच राहिली. बांधावर दहा पावलं टाकायला जितका वेळ लागतो, तितक्यात तिथे दोनसुद्धा धड पडत नव्हती.

मग नकाशाच खाजनाचा काढला. मधे एका चौकोनाच्या रुंदीचा बांध, टोकाला मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार), दोन्हीकडे चिखल. चिखलात प्रत्येक फुटाला दोन फूट खर्च, म्हणजे तिची 30 फुटांची चाल पाच-पाच फुटांच्या तीन चौकोनांत संपते. लांब पळायचं तर बोनस ॲक्शन डॅशला (जादा धावेला) जाते, मग डिसएंगेज कुठून आणणार? कोरड्या बांधावर दोन धनुर्धारी रोखून ठेवले: कोणी पाय ठेवला की बाण. त्यातली मेख फायटरने (खेळाडूंपैकी लढवय्याने) लगेच ओळखली. रोखलेला बाण रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) खातो, तोही एकदाच. ढाल घेऊन तो आधी बांधावर चढला, दोन्ही बाण अंगावर घेतले आणि तिला वाट मोकळी करून दिली.

माझ्याकडे अजून एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) होता. त्याच्या एन्टँगलला (वेलींनी जखडायच्या मंत्राला) स्ट्रेंग्थचा सेव्ह (ताकदीवर वाचायचा फासा) लागतो, आणि खारीची स्ट्रेंग्थ −1. फासा पडला सातवर. वेली पायांना गुंडाळल्या, चाल शून्य. टेबलावर एकदम शांतता. नंतर क्लेरिकने (खेळाडूंपैकी पुजाऱ्याने) ड्रुइडच्या डोक्यात गदा घातली, त्याचं कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवणारी एकाग्रता) तुटलं, वेली गळून पडल्या. आपली पाळी येताच खार मानसाच्या फळीवरून धावली आणि तिने ड्रुइडला संपवलं. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो असेन.

"पुढच्या वेळी पण चिखलच का रे दादा?"

नाही म्हटलं. पुढची मारामारी छपरांवर आहे. मंगळुरी कौलं पायाखाली फुटतात की नाही, ते अजून ठरवायचंय.