होमसर्व्हर अपडेट: पेपरलेसला मराठी वाचायला लावताना

यावेळी घरच्या सर्व्हरवर नवीन सर्व्हिस एकही चढवली नाही. इमिच (फोटो), जेलीफिन (सिनेमे), व्हॉल्टवॉर्डन (पासवर्ड) सगळे गपगुमान चालू आहेत आणि सर्व्हरबद्दल सांगण्यासारखं काही नसणं ही चांगलीच बातमी असते. सगळा वेळ खाल्ला तो पेपरलेस-एनजीएक्सने (कागदांचे स्कॅन वाचून, लेबलं लावून ते शोधता येतील असे ठेवणारा प्रोग्राम), म्हणजे खरं तर पेपरलेसने नाही, मराठी कागदांनी. इंग्रजी बिलं, वॉरंटी कार्डं वगैरे तो पहिल्या फटक्यात वाचतो, लेबलं पण स्वतःच लावायला लागतो. मराठी कागद आला की मात्र नुसता कचरा.

तर पहिली गोष्ट. ओसीआरच्या, म्हणजे चित्रातला मजकूर वाचण्याच्या, भाषेच्या सेटिंग दोन आहेत आणि दोघींच्या नावात फरक फक्त शेवटच्या एसचा. एसवाली सांगते की कंटेनर (पेपरलेस ज्या बंदिस्त डब्यात चालतो तो) उठताना कुठली जास्तीची भाषा इन्स्टॉल करायची, बिनएसवाली सांगते की वाचताना प्रत्यक्षात कुठल्या भाषा वापरायच्या. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आधीपासून आत असतात, मराठी नसते, त्यामुळे दोन्ही भरायला लागतात. टेसरॅक्टमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ओसीआर करणाऱ्या इंजिनात, मराठीचा कोड एम-ए-आर. मी मराठी अधिक इंग्रजी असं ठेवलंय, मराठी आधी, कारण क्रमाने रिझल्ट बदलतो आणि माझे मिक्स कागद बहुतेक मराठीच्याच बाजूला झुकलेले आहेत. स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), त्याखाली गेलं की रफार आणि अनुस्वार गळायला लागतात.

एवढं झाल्यावर स्कॅन केलेले कागद बरे वाचले जायला लागले. पण काही पीडीएफ, ज्या स्कॅन नव्हत्याच, थेट कॉम्प्युटरवर टाईप केलेल्या, स्क्रीनवर अगदी सुबक मराठी दिसणाऱ्या, त्यांचा मजकूर उघडला तर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांची भेळ. कारण एकदम आपल्या ओळखीचं आहे: युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडच्या, आधीचे फाँट. श्रीलिपी, कृतिदेव या पठडीतले. दिसायला देवनागरी, आत साठवलेलं भलतंच. आणि माझ्याकडच्या व्हर्जनमध्ये पेपरलेसचा डीफॉल्ट मोड आहे स्किप, म्हणजे पानावर मजकूर आधीच असेल तर ओसीआर करायचंच नाही. त्याच्या दृष्टीने मजकूर आहे ना, मग झालं!

रीडू मोडने काम होईल असं वाटतं पण होत नाही, तो फक्त आधीच्या ओसीआरचा लपलेला थर काढून नवा घालतो, दिसणाऱ्या मजकुराला हात लावत नाही. इथे फोर्सच लागतो, तो प्रत्येक पानाची आधी इमेज करतो आणि मग वाचतो. मात्र फोर्स सगळ्यांना लावू नका, चांगल्या पीडीएफचंही चित्र होऊन बसतं आणि साईझ फुगते ती वेगळीच. मी ओसीआरमायपीडीएफ (पीडीएफचं ओसीआर करणारं टूल) वेगळं चालवतो, फक्त त्या जुन्या फाँटवाल्या फाईलींवर, आणि मग त्या इनबॉक्स फोल्डरमध्ये, जिथून पेपरलेस नवे कागद उचलतो, टाकतो. अर्थात तसं केलं की पेपरलेस ती इमेजवाली कॉपीच मूळ प्रत म्हणून धरतो, म्हणून खरी मूळ फाईल मी बाजूला वेगळी ठेवतोय.

आता सर्च, आणि इथे खरी मजा आहे. माझ्याकडच्या व्हर्जनमध्ये वरच्या बारमधला सर्च व्हूश नावाच्या सर्च लायब्ररीवर चालतो. "विमा" टाकलं, शून्य. कागद डोळ्यासमोर, मजकुरात "विमा" स्वच्छ दिसतोय, तरी शून्य. उलट "पाणीपट्टी" शोधलं की सोबत भाडेपट्ट्याचा कागद हजर. व्हूश शब्द तोडायला पायथन भाषेतला रेजेक्स (अक्षरांचे नमुने ओळखायची पद्धत) वापरतो आणि त्यातला डब्ल्यू, म्हणजे "शब्दातलं अक्षर", आपल्या काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षरच मानत नाही. म्हणजे "विमा"चे झाले व आणि म, एकेका अक्षराचे तुकडे तो फेकून देतो, उरलं काय तर काहीच नाही. "पाणीपट्टी"मधून उरतो फक्त "पट" आणि "भाडेपट्टा"मधूनही तोच "पट". हे कळल्यावर मी बराच वेळ नुसता हसत होतो, कारण इतके दिवस ओसीआरला शिव्या घालत होतो आणि ओसीआर बिचारं बरोबर होतं.

उपाय सोपा आहे. डॉक्युमेंटच्या यादीवर टायटल आणि कंटेंटचा जो फिल्टर असतो तो वापरायचा, तो थेट डेटाबेसमध्ये मजकूर शोधतो, शब्द तोडत बसत नाही, त्यामुळे "विमा" लगेच सापडतो. मी तोच सेव्ह्ड व्ह्यू करून ठेवलाय.

बाकी किरकोळ. इनबॉक्स फोल्डर नेटवर्क शेअरवर असेल तर फाईल आल्याचं कंटेनरला कळत नाही, पोलिंग (थोड्या थोड्या वेळाने फोल्डर तपासणं) चालू करा. इनबॉक्स टॅग (नव्या कागदावर आपोआप लागणारं लेबल) लवकर काढत जा, तो टॅग असलेली डॉक्युमेंट ऑटो मॅचिंगच्या, म्हणजे लेबलं स्वतः लावायला शिकण्याच्या, ट्रेनिंगमध्ये धरली जात नाहीत, आणि मग लोक म्हणतात हा काही शिकत नाही. मूळ कागदांवर क्रमांकाचे बारकोड स्टिकर लावतोय, स्कॅन करताना पेपरलेस तो नंबर स्वतः उचलतो, फाईलमध्ये कागद त्याच क्रमाने लावला की संपलं, विषयवार कप्पे वगैरे काही नको. बॅकअपला नुसता डेटाबेस डंप नाही तर पेपरलेसचाच एक्सपोर्टर रोज रात्री, वर रेस्टिक (बॅकअपचं टूल), आणि एक्सपोर्टच्या फोल्डरमध्ये व्हर्जन नंबर लिहून ठेवतो कारण इम्पोर्ट त्याच व्हर्जनवर करणं सेफ.

पुढचं काम म्हणजे टेसरॅक्टचं बेस्ट मॉडेल. डेबियन लिनक्सच्या पॅकेजमधून येतं ते फास्टवालं, बेस्टची फाईल वेगळी उतरवून कंटेनरमध्ये माउंट करावी लागते, वेग कमी होणार पण माझे कागद रात्री वाचले गेले तरी चालतंय. शिवाय नुसत्या देवनागरी लिपीचंही एक मॉडेल आहे, मराठी-हिंदी मिसळलेल्या कागदांवर ते जास्त चालेल असा अंदाज आहे. कोणी दोन्ही एकाच कागदावर चालवून बघितली असतील तर जोडाक्षरांचं काय होतं ते सांगा, मला "द्ध" आणि "द्य" अजून छळतायत.