'आतल्या रस्त्याने काढू' इथे चालत नाही

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात उन्हाळ्यातल्या शनिवारी हायवे तुंबला, मॅपने 'पुढच्या एक्झिटला उतरा, वीस मिनिटं वाचतील' असं सुचवलं आणि तुम्ही उतरलात, तर खाली माणूस उभा असतो. कुठे चाललात, विचारतो. याच गावात हॉटेल असेल तर खुशाल जा. इटलीला चाललात? मग वळा आणि परत वरच्या रांगेत लागा. २०१९ पासून हा नियम आहे. गर्दीच्या हंगामात शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, इटलीत उतरणाऱ्या ब्रेनर खिंडीच्या वाटेवरच्या गावांतून आरपार जायला बंदी. इकडच्या, म्हणजे जर्मनीतल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर जुलैत कुणी ना कुणी यावर चिडून लिहितंच: टोल भरलाय, रस्ता समोर रिकामा दिसतोय, आणि जायचं नाही म्हणजे काय?

राग समजण्यासारखा आहे. पुणेकराची गाडी चालवण्यातली सगळी प्रतिष्ठा 'आतल्या रस्त्या'वर उभी आहे. चांदणी चौक भरला की बावधनमधून, नवले पूल अडला की कात्रज चौकातून जुना घाट चढून थेट शिंदेवाडीला. ज्याला असे चार रस्ते माहीत नाहीत त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायला आपण कचरतो. पण तिरोलवाल्यांचा हिशेब एकदा मांडून पाहिला की राग जरा निवतो.

हायवेच्या एका लेनमधून तासाला साधारण १८०० ते २००० गाड्या सुरळीत जातात. गावातल्या रस्त्याला सिग्नल, शाळा, ट्रॅक्टर, वळणारी बस असं सगळं असतं, त्यामुळे त्याची क्षमता त्याच्या निम्मीसुद्धा नसते. मॅपचं ऐकून उतरलेल्या पहिल्या पन्नास गाड्यांची वीस मिनिटं खरंच वाचतात. नंतरच्या पाचशे गाड्या गाव बंद पाडतात आणि गावाच्या पलीकडे पुन्हा त्याच हायवेवर चढताना तिथली रांगही अडवतात. मधल्या मध्ये गावातली ॲम्ब्युलन्स अडकते ती वेगळीच. जुन्या कात्रज घाटात शनिवारी सकाळी नेमकं हेच होतं, फक्त खाली विचारायला कोणी उभं नसतं.

आता ब्रेनर खिंडीच्या अलीकडचा लूएग पूल घ्या. लांबी सुमारे १.८ किलोमीटर. पूल जुना झाल्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून तिथे दोन्ही दिशांना एकेकच लेन चालू असते. गर्दीच्या आधीच जाहीर केलेल्या दिवशी दोन लेन उघडतात आणि ३.५ टनांवरच्या गाड्यांना आतल्या लेनमधून जावं लागतं. समजा एक लेन चालू आहे आणि तासाला १८०० गाड्या जाऊ शकतात. सकाळी ७ पासून तासाला २४०० यायला लागल्या, तर ८ वाजता ६०० गाड्या रांगेत असतात आणि शेवटच्याला २० मिनिटं थांबावं लागतं. ९ वाजता १२०० गाड्या, ४० मिनिटं. त्यानंतर आवक १५०० वर आली तरी रांग तासाला फक्त ३०० गाड्यांनी घटते, म्हणजे ती पूर्ण सरायला दुपारचा १ वाजतो. सातच्या आत पुलावर असलेल्याला शून्य मिनिटं, नऊला आलेल्याला चाळीस. 'नाश्ता करून निघू' या तीन शब्दांची ही किंमत. आणि हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात मध्ये एखादी गाडी बंद पडतेच.

म्हणून आधी अडणारी जागा शोधायची, तिथे किती वाजता असायचं ते ठरवायचं, आणि घरातून निघायची वेळ तिथून उलटी मोजायची. लोक बहुधा पहाटे चारला मॅप उघडतात आणि सगळा रस्ता हिरवा बघून खूश होतात. मॅप पुढच्या गर्दीचा अंदाज जुन्या नोंदींवरून बांधतो खरा, पण पाचशे किलोमीटरच्या बेरजेत अडणाऱ्या वीस किलोमीटरचा भाव लपून जातो. त्यापेक्षा तेवढाच तुकडा वेगळा टाका: इकडे इन्सब्रुक ते ब्रेनरपलीकडचं श्टेरझिंग, तिकडे वारजे ते खेड शिवापूर. निघण्याची वेळ पुढच्या शनिवारी ५, ७, ९ अशी बदलून तिन्ही उत्तरं लिहून घ्या. मॅप एक आकडा न देता 'इतकी ते इतकी मिनिटं' असं सांगतो, त्यातला मोठा आकडा धरायचा. शिवाय आदल्या शनिवारी त्याच वेळी मॅप उघडून रंग बघून ठेवायचा. याला दहा मिनिटं लागतात. घरचे हसतात, हसू द्यावं.

या देशांचं मला ज्यासाठी कौतुक वाटतं ते रस्त्यांसाठी नाही, कॅलेंडरसाठी. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि उन्हाळ्याची सुमारे सहा आठवड्यांची सुट्टी ती मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना देतात, सगळा देश एकाच शनिवारी दक्षिणेकडे निघू नये म्हणून. बव्हेरियाची सुट्टी कायम शेवटच्यांत, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तरीही शनिवार वाईटच जातो, कारण भाड्याची घरं आणि अपार्टमेंट शनिवार ते शनिवार मिळतात: एक कुटुंब सकाळी बाहेर पडतं, दुसरं दुपारी आत शिरतं आणि दोघं रस्त्यावर भेटतात. कुठल्या शनिवारी कुठला हायवे तुंबणार याचा अंदाज आडाक ही वाहनधारकांची संघटना आधीच छापते. फ्रान्सने तर याची राष्ट्रीय पद्धतच केली आहे. २ ऑगस्ट १९७५ ला तिथे सुमारे ६०० किलोमीटरच्या रांगा लागल्या आणि १९७६ पासून सरकारी 'बिझाँ फ्युते' सेवा सुरू झाली. वर्षभराचं कॅलेंडर चार रंगांत: हिरवा, केशरी, लाल, काळा. जाण्याचा रंग वेगळा, येण्याचा वेगळा. काळ्या शनिवारी निघालात तर तक्रार कोणाकडे करणार, सरकारने आधीच सांगितलेलं असतं.

ट्रकांचंही तसंच. जर्मनीत ७.५ टनांवरच्या ट्रकना रविवारी रात्री १० पर्यंत रस्ता बंद. जुलै-ऑगस्टमध्ये ठरावीक हायवेंवर शनिवारी सकाळी ७ ते रात्री ८ सुद्धा. याची उलट बाजू अशी की सुट्टीनंतरच्या कामाच्या दिवशी ट्रक एकदम सुटतात. तेव्हा तिरोल सीमेवर कुफश्टाइनला पहाटे ५ पासून ट्रक मोजून सोडतात, तासाला सुमारे ३००. मागे जर्मन बाजूला उजवी लेन ट्रकांनी भरून जाते. या दिवसांची यादीही आधीच जाहीर होते. सोमवार रिकामा असेल असं समजून निघणारे इथे फसतात.

मग आपल्याकडे काहीच नाही का? इथे माझ्यातला पुणेकर जागा होतो. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार टोलमाफीचे पास देतं, मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना ठरावीक दिवस बंदी घालतं, पावसाळ्यात वरंधा घाटाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात. एवढ्या गाड्या एवढ्या अरुंद घाटांतून दोन-तीन दिवसांत खाली उतरतात, हे काही नियोजनाशिवाय होत नाही. फरक इतकाच की आपले आदेश सणाच्या तोंडावर येतात, म्हणून रंगांचं कॅलेंडर ज्याचं त्याने करायचं. ते अवघडही नाही. शुक्रवारी संध्याकाळी ५ ते रात्री १०, चांदणी चौक ते कात्रजचा नवा बोगदा: काळा. त्यात रात्री ९ नंतर ट्रॅव्हल्सच्या बसेस मिसळतात. जोडून सुट्टी आली की शनिवारी सकाळी ६.३० नंतर लाल. गणपतीच्या आधीचे दोन दिवस आणि गौरी-विसर्जनाचा परतीचा दिवस, दोन्ही काळे. आणि साताऱ्याच्या मामाला फोन करून 'खंबाटकीला काय परिस्थिती' विचारणं ही कुठल्याही आडाकपेक्षा खात्रीची सेवा आहे, हे मी इकडे राहूनही म्हणेन.

म्युनिक ते इटलीतलं गार्डा सरोवर हा इकडचा नेहमीचा प्रवास, साधारण ४०० किलोमीटर. रिकाम्या रस्त्याने साडेचार-पाच तास. पहिली अडचण म्युनिकबाहेरच्या ए८ वरचा इर्शेनबेर्गचा चढ, दुसरी कुफश्टाइन, तिसरी आणि खरी लूएग पूल. घरापासून पुलापर्यंत सव्वादोन तास धरा. सहाच्या आत पूल पार करायचा तर साडेतीनला चाकं फिरली पाहिजेत. सामान आदल्या रात्री गाडीत, टाकी शहरातच भरलेली, कारण हायवेवरचा पंप नेहमी महाग असतो आणि तिथे टॉयलेटलाही एक युरो मोजावा लागतो. कूपन परत मिळतं, पण त्यावर काही विकत घेतलं तर त्याचा उपयोग. ऑस्ट्रियाचं विन्येट म्हणजे रस्तापट्टी, ती डिजिटल घ्या, काच खरवडायची कटकट नको. ती कुफश्टाइन-स्यूड एक्झिटच्या पुढे लागते, ब्रेनरचा ए१३ मात्र तिच्यात धरलेला नाही, त्याचा टोल वेगळा, तोही घरूनच भरता येतो. सीफेल्डकडून उतरणारा त्सिर्लर बेर्गचा घाट मॅपवर जवळचा दिसतो. त्याचा उतार १६ टक्के आहे, भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात. आणि बंदीच्या दिवशी तो पर्यायच नाही. नऊला गार्डाजवळ पोचलात की हॉटेलची खोली तीनपर्यंत मिळत नाही, म्हणून वाटेत ब्रिक्सनला किंवा बोल्झानोला निवांत दोन तास घाला. हे तास वाया जात नाहीत, रांगेतच गेले असते.

रांग लागलीच तर डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मध्ये ॲम्ब्युलन्ससाठी वाट ठेवायची, गाड्या थांबायच्या आधीच. जर्मनीत न ठेवल्यास किमान २०० युरो दंड, लायसन्सवर दंडाचे दोन गुण आणि महिनाभर लायसन्स बंद. इकडचे लोक याचं उदाहरण देऊन आपल्याला हिणवतात तेव्हा मी लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीतली गर्दी ॲम्ब्युलन्ससाठी कशी दुभंगते ते सांगते. दंडाशिवाय. हायवेवर तसं का होत नाही, हा प्रश्न मात्र समोरच्याने विचारू नये अशी इच्छा असते.

आता तीच पद्धत पुण्याहून कणकवलीला लावू. कोल्हापूरपर्यंत सुमारे २३० किलोमीटर, पुढे राधानगरीवरून फोंडा घाट. इथे अडणाऱ्या जागा दोन प्रकारच्या आहेत: गर्दीच्या आणि उजेडाच्या. नवले पूल पाचच्या आत ओलांडायचा. खंबाटकीला सहापर्यंत पोचायचं. फोंडा घाटात मात्र घाई नको. पावसाळ्यात सकाळी धुकं दाट असतं, दहा-अकरानंतर ते बहुधा विरळ होतं. म्हणून कोथरूडहून साडेचारला निघालात तर सातच्या सुमाराला सातारा, आठ-सव्वाआठला कराड, दहाच्या आत कोल्हापूर. तिथे शहर ओलांडायला अर्धा तास वेगळा धरा, मिसळ खाणार असाल तर एक. दुपारी बाराच्या आसपास घाट, एक-दीडला कणकवली. हायवेला सगळं धरून ताशी ४५ ते ५०, घाटात २५ ते ३०, एवढाच वेग हिशेबात घ्या. कार किती पळते याला इथे अर्थ नाही.

रात्री ११ ला निघणारे म्हणतात रस्ता रिकामा मिळतो. मिळतो. पण २ ते ५ ही झोपेची सर्वांत वाईट वेळ नेमकी कराड-कोल्हापूरच्या सरळ रस्त्यावर येते आणि घाट अंधारात, धुक्यात, समोरच्या ट्रकच्या हाय बीममध्ये उतरावा लागतो. गाडीत दोन चालवणारे असले तरच, आणि तेही एक चालवताना दुसऱ्याने खरंच झोपायचं ठरवलं तर. सासरे 'मी जागा आहे की' म्हणतात, ते चालक धरू नयेत.

आदल्या दिवशी टायरची हवा गाडी थंड असताना बघा, भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या पट्टीवर वेगळा आकडा असतो. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते पाहा. १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नाही, तिथे नेहमीचे पैसे कापले जातात.

परतीचं गणित लोक करतच नाहीत. इकडे कीफर्सफेल्डनला जर्मनीत शिरताना तपासणी असते आणि रविवारी दुपारपासून तिथे रांग वाढत जाते, म्हणून गार्डाहून सकाळी सातला निघालेलं बरं. तिकडे रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरचा टोल आणि त्यापुढे कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा उतार. त्या उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ब्रेक जातात. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, अवजड गाडीच्या पुढे थांबून राहू नका, तिच्या मागे असाल तर भरपूर जागा ठेवा. कोल्हापूरहून रविवारी ११ ला निघालात तर साडेतीनच्या आत नवले पुलापलीकडे असता. सोमवारी पहाटे निघून थेट ऑफिस गाठू म्हणणाऱ्यांनी साडेआठला वारजे ते बाणेर हा तुकडा मॅपवर एकदा वेगळा टाकून बघावा.