पालकाची पट्टी: आर-एफ झालं, आता विभाजन गुणांक

पट्टी नेहमीचीच: पालकाच्या रसाचा ठिपका, द्रावक कागदावर चढतो आणि रंग वेगळे होतात (पेपर क्रोमॅटोग्राफी). व्हॉटमन १ नंबरचा कागद, पेट्रोलियम ईथर ९ भाग, ॲसिटोन १ भाग. (खिडक्या उघड्या, गॅस बंद. हे दर नोंदीत लिहिणार, कंटाळा आला तरी.)

पेन्सिलीच्या रेघेपासून द्रावक ८० मिमी चढला. ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजलं तर क्लोरोफिल बी ३६, क्लोरोफिल ए ५२, कॅरोटीन ७७. म्हणजे आर-एफ (ठिपका चढला ते अंतर भागिले द्रावक चढला ते) ०.४५, ०.६५ आणि ०.९६.

इथून धारण गुणांक (कागदाने धरलेला माल भागिले द्रावकाबरोबर चालणारा) सरळ निघतो: १ मधून आर-एफ वजा करायचा आणि उत्तराला आर-एफनेच भागायचं. बी १.२२, ए ०.५४, कॅरोटीन ०.०४. बीचा अर्थ असा की कुठल्याही क्षणी त्यातला ५५ टक्के माल कागदाने धरलेला असतो, ४५ टक्के द्रावकाबरोबर चालतो.

कॅरोटीनच्या आकड्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. ७७ ऐवजी ७६ वाचलं की ०.०३९ चे ०.०५३ होतात, एका मिलिमीटरला तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक! बीच्या ठिपक्यात तेवढीच चूक जेमतेम ५ टक्क्यांची.

खरी मेख पुढे आहे. विभाजन गुणांक (स्थिर द्रवातली रंगाची संहती भागिले चल द्रवातली) हवा तर धारण गुणांकाला चल द्रवाचं आकारमान भागिले स्थिर द्रवाचं, या गुणोत्तराने गुणावं लागतं. चल द्रव म्हणजे द्रावक, स्थिर द्रव म्हणजे कागदातलं पाणी. माझ्या सोनारी काट्याला ०.०१ ग्रॅमच्या खालचं कळत नाही, आणि एका पट्टीतलं पाणीच साधारण तेवढं. म्हणून २० बाय २० सेंमीचा अख्खा कागद इस्त्रीखाली सुकवून आधी-नंतर तोलला: सुमारे ०.२ ग्रॅम घट. तेवढ्या कागदात द्रावक अंदाजे ४ मिली धरला, तर गुणोत्तर २० आणि बीचा विभाजन गुणांक २४ च्या आसपास.

आकडा दिसायला छान, पण मी तो वहीत पेन्सिलीनेच लिहिलाय. मार्टिन आणि सिंज या रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली सिलिका जेलने धरलेलं पाणी आणि क्लोरोफॉर्म यांच्यात अमिनो आम्लांची संयुगं वाटली जाताना मोजली, तिथे हे गणित चपखल बसलं. इथे कागदाचा सेल्युलोज स्वतःही रंग धरून ठेवतो, शिवाय थोडं ॲसिटोन पाण्यात उतरतं.

त्यापेक्षा बीचा गुणांक भागिले एचा बरं. आकारमानं दोन्हीकडून कटतात, उरतं २.२७. काटा नको, इस्त्री नको. पुढच्या खेपेस ॲसिटोन २ भाग, ईथर ८ भाग. दोन्ही ठिपके वर सरकतील हे नक्की, हे २.२७ किती घसरतं ते बघायचंय.