तांबडी, मुंगूस आणि मानमोडी

आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला. घरामागे परडं, परड्याच्या टोकाला दोन फणस, आणि फणसापलीकडे रानच. लग्न होऊन आले तेव्हापासून दारात कोंबड्या आहेत, पण त्या सासूबाईंच्या. माझ्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा गेल्या सहा वर्षांतल्या. बहुतेक गावठी, चार गिरिराजा या सुधारित जातीच्या. दोन वर्षांमागे एका उन्हाळ्यात २३ च्या ९ झाल्या, तेही आठ दिवसांत.

त्या वर्षी गावात लक्ष्मी यात्रा होती. यात्रेआधीच्या आठवड्यात आमच्याकडे कोंबड्या कुठून कुठून येतात याला गणतीच नसते. बाजारातून येतात, पाहुण्यांच्या गावाहून येतात, पाय बांधून मोटारसायकलीला उलटे टांगलेले कोंबडे घरोघर उतरतात. आम्हीही एक आणला. यात्रेला चार दिवस होते, तेवढ्यापुरता तो आमच्याच खुराड्यात सोडला. तो दाण्याला धावत नव्हता, मान आखडून एका कडेला बसायचा. प्रवासानं दमलाय असं मी धरून चालले. यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी तो मेलेला सापडला. आमच्या कोंबड्या आजारी पडल्या त्या यात्रा संपल्यावर.

आधी एक पांढरी. पंख सैल सोडून, डोळे मिटून उन्हात उभी राहिली. विष्ठा हिरवट, पाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी चोच उघडून श्वास घ्यायला लागली, गळ्यात घरघर. मी हळद-लसूण ठेचून भरवत बसले होते तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, ती मान वाकडी करायल्या बघ. मानमोडी हाय ही." खरंच, पांढरीची मान हळूहळू पाठीकडं वळत गेली, चोच आभाळाकडं. दाणा टिपायला जायची आणि चोच भलतीकडंच पडायची. ते बघवत नव्हतं.

मेलेल्यांपैकी एक प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून दवाखान्यात नेली. एकदम इतक्या कोंबड्या मेल्या तर ते कळवायलाच हवं, कारण बर्ड फ्लूतही सुरुवात अशीच दिसू शकते. डॉक्टरांनी तपासून राणीखेत सांगितलं, म्हणजे आमची मानमोडीच. विषाणूचा आजार, त्यामुळे एकदा झाला की त्यावर औषध नाही. लस आहे, पण ती आधी द्यायची. हे वाक्य ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. चार वर्षं कोंबड्या पाळून मी एकदाही लस दिली नव्हती. "गावठीला काय हुतंय" हे मीच इतरांना सांगत आले होते.

पुढचे दिवस खड्डे खणण्यात गेले. कमरेइतका खोल खड्डा, मेलेली कोंबडी, वर चुना, वर माती. गल्लीतल्या दोघींनी सांगितलं, उरलेल्या आहेत तोवर विकून मोकळी हो. मला ते जमलं नाही. जो घेईल त्याच्या खुराड्यात हेच होणार. आमच्याकडे तो कोंबडा आला तोही असाच कुणीतरी विकलेला असणार. ओढ्यात मेलेल्या कोंबड्या टाकणाऱ्यांशी मी त्या आठवड्यात भांडलेही, कुत्री त्या ओढत पुन्हा गावातच आणतात.

नऊ उरल्या. लस मिळवणं हे त्यापुढचं काम. जवळच्या दवाखान्यात त्या दिवसांत ती शिल्लक नव्हती. औषधांच्या दुकानात मिळते, पण बाटली १०० कोंबड्यांची. एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत संपवायची आणि तोवर बर्फात ठेवायची. नऊ कोंबड्यांसाठी शंभराची बाटली फोडायची कशी? म्हणून मी घरं गोळा केली. गल्लीतली पाच घरं मिळून ८७ कोंबड्या झाल्या, पैसे वाटून घेतले. दवाखान्यातून मिळालेला लसीकरणाचा कागद कन्नडात होता, तो आठवीतल्या मुलीनं वाचून दाखवला. कन्नडात कोंबडीला कोळी आणि लसीला लसिके, एवढं आता मलाही पाठ आहे. बाकीचं तिनं वहीत मराठीत उतरवलं: पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही डोळ्यात टाकायची लस, महिन्याच्या सुमाराला पुन्हा तीच, आणि आठ आठवड्यांनंतर आर टू बी, ही राणीखेतचीच पण टोचायची. ही आर टू बी ज्या मुक्तेश्वरच्या नावानं ओळखतात ते आणि राणीखेत, दोन्ही उत्तराखंडातली डोंगरावरची गावं. आजार एका गावाच्या नावाचा आणि लस शेजारच्या गावाच्या, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उगाच धीर आला.

बेळगावहून बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये लासोटाची बाटली आणली. बसमध्ये तो मांडीवरून खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, आम्ही सुरुवात केली. एकीनं धरायची, मी डोळ्यात एक थेंब टाकायचा. थेंब पडला की ती पापणी मिटते. तो आत जिरेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर मान झटकते आणि लस मातीत. पाचही घरं उन्हं यायच्या आत झाली. आर टू बी महिन्यानं, ती मात्र दवाखान्यातल्या सहायकांनी पंखाखाली टोचून दिली. मोठ्या कोंबड्यांना आधी लासोटा देऊन मगच ती द्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टोचल्यावर दोन-तीन दिवस कोंबड्या मलूल होत्या, अंडीही कमी झाली, मग सावरल्या. आजारी दिसणाऱ्या दोघींना त्या दिवशी वगळलं होतं.

पावसाळा निम्मा सरला आणि मुंगूस आलं.

मुंगूस दिवसा येतं, हे आधी लक्षात घ्या. आम्ही रात्रीची भीती धरून बसतो. दुपारी दोनच्या सुमाराला कोंबडा कर्रकर्र ओरडला, सगळ्या चिडीचूप झाल्या, आणि सरपणाच्या ढिगामागे फडफड ऐकू आली. मी खराटा घेऊन धावले. तांबडीला पंखाखाली धरून ते ढिगात ओढत होतं. खराटा आपटला तसं सोडून पळालं.

तांबडी ही मानमोडीतून वाचलेल्या नऊंमधली. उजव्या पंखाखाली चार बोटं कातडी फाटून आतलं लाल मांस उघडं पडलेलं, आणि बाजूला दातांची दोन बारीक भोकं. रक्त फार नव्हतं, पण पाय गार पडलेले, डोळे मिटलेले. मला धुवायची घाई झाली होती. सासूबाईंनी हात धरला, "आधी तिला ऊब दे, धक्क्यानंच मरेल." जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीशेजारच्या अंधारात डालग्याखाली ठेवली. तासाभरानं तिनं डोळे उघडले, गुळाचं पाणी चोचीला लावलं तर दोन घोट प्याली. मग जखमेकडं वळले. कोमट मिठाच्या पाण्यानं धुतली, भोवतालची पिसं कात्रीनं कापली, पोविडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं करून ओतलं. सासूबाईंना तेल-हळद भरायची होती. डॉक्टरांनी ती नको म्हटलं, तेलाला घाण चिकटते आणि भोकांच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. भीती त्या दोन भोकांचीच होती: वरून बारीक, आत खोल, आत पू धरतो. त्यासाठी त्यांनी अँटिबायोटिक टोचलं आणि तिची अंडी किती दिवस खायची नाहीत तेही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिसांच्या मुळाशी खसखशीसारखे पांढरे दाणे दिसले. माशीची अंडी. पावसाळ्यात एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात आणि जिवंत कोंबडी आतून खाल्ली जाते. चिमट्यानं एकेक दाणा काढायला मला तासभर लागला. तांबडी हलली नाही, मांडीवर डोकं टेकून पडून राहिली. त्या दिवसापासून डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. खायला नाचण्याची आंबील आणि मऊ भात. सकाळी गळ्याखालची चाऱ्याची पिशवी रिकामी आणि संध्याकाळी भरलेली लागली की पोट चालू आहे असं समजायचं.

तीन आठवड्यांनी नवी कातडी आली. पण लगेच कळपात सोडली नाही, लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. तीन दिवस जाळीच्या डालग्यात त्यांच्या शेजारी ठेवली आणि चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर दांड्यावर नेऊन बसवली.

मुंगसाला फासा लाव, विष घाल, असे सल्ले मिळाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, आणि विष घातलेलं मांस गल्लीतली कुत्री खाणारच. त्यापेक्षा खुराडं बदललं. खाली चिऱ्याचा पाया, वर अर्ध्या इंचाची वेल्डमेश. षटकोनी भोकांची पातळ जाळी कुत्रं ओरबाडून फाडतं, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला नाही. जाळी जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे उकरणाऱ्याच्या नखाला जाळीच लागते. सरपणाचा ढीग परड्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, मुंगसाला लपायची जागाच ती होती.

दाराला मात्र सुतळीच राहिली होती, त्याची किंमत एका तलंगेनं, कोवळ्या कोंबडीनं दिली. बाऊल, म्हणजे रानमांजर, तिला रात्रीत घेऊन गेला, मागे मूठभर पिसं. आता दोन कड्या आहेत. पिल्लांवर शिक्रा झडप घालतो, त्यासाठी वर जुनं मासेमारीचं जाळं ताणलंय. धामणीच्या तोंडी लागू नयेत म्हणून अंडी दुपारी आणि संध्याकाळी दोनदा गोळा करते.

पिल्लांना रक्ती हगवण एकदा झाली, अँप्रोलियम पाण्यातून दिल्यावर थांबली. खरी चूक ओल्या तुसाची होती. आमच्या पावसात तूस दोन दिवसांत भिजतो, आता तो बदलायचा वार ठरलेला आहे. नवी कोंबडी आली की ती तीन आठवडे गोठ्यात वेगळी, तिचं पाणीही वेगळं. यात्रेचा कोंबडा असला तरी.

आणि रोज संध्याकाळी दांड्यावर बसल्या की मी प्रत्येकीला हात लावते. नुसतं मोजत नाही. छातीचं हाड हाताला लागतंय का, पंखाखाली उवा आहेत का, पाय गरम आहे का. पांढरी आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी तिची छाती मी चाचपली असती तर एक दिवस आधी तिला वेगळी काढता आली असती, असं मला अजून वाटतं.

आज खुराड्यात ३१ आहेत. तांबडी खुडूक झाली म्हणून तिला अकरा अंड्यांवर बसवलीय, आजचा चौदावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं निघाली की आठवड्याच्या आत लासोटा हवा. चार घरांनी आपापला आकडा सांगितलाय, एक घर राहिलंय. थर्मास धुऊन उन्हात ठेवलाय.