पावती कोणत्या खात्यावर

ख्रिस्ती मंडळीचा पाळक दवाखान्यात दिसला की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक आवाज खाली आणतात, कारण आमच्या तिथे येण्याचा एकच अर्थ लोकांनी ठरवून टाकलेला आहे. त्यामुळे कुटुंबे आम्हाला उशिरा बोलावतात. कधी कधी इतक्या उशिरा की रुग्णाशी बोलण्याऐवजी त्याच्या कानाशी बोलावे लागते. अठरा वर्षांच्या सेवेत मी एवढे शिकलो आहे की सलाइन लावलेला हात धरू नये, खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मग रुग्णाला आपला चेहरा न दिसता नुसती काळी आकृती दिसते, आणि प्रार्थना दोन मिनिटांच्या वर नेऊ नये. माझे काही सहकारी अतिदक्षता विभागात वीस-वीस मिनिटे प्रार्थना करतात. ती देवासाठी असते की काचेबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांसाठी, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.

आजाऱ्यांच्या प्रभुभोजनासाठी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीसाठी, माझ्याकडे एक लहान लाकडी पेटी आहे. तिच्यात चार छोटे पेले, भाकरीची झाकणाची डबी, धुतलेला पांढरा रुमाल आणि द्राक्षरसाची बाटली असते. हा रस विकत आणलेला नसतो. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून माझी पत्नी तो करते आणि साखर अजिबात घालत नाही, कारण आमच्या मंडळीतील निम्म्या वृद्धांना मधुमेह आहे. पेटीत एक चमचाही असतो. तो कोणत्याही उपासनाविधीत सांगितलेला नाही, पण ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी त्या चमच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नसते.

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ज्यांच्यासाठी मला बोलावणे आले, ते गृहस्थ आमच्या मंडळीचे माजी खजिनदार होते. त्यांची सारी नोकरी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात झाली. 2009 मध्ये मंडळीच्या छतदुरुस्ती निधीतील 1,40,000 रुपये जागेवर नसल्याचे उघड झाले, तेव्हा हिशेब त्यांच्याकडे होता. मी त्या वेळी या गावी नव्हतो; मला हे सारे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाच्या इतिवृत्तांवरून आणि त्याहून अधिक लोकांच्या गप्प राहण्यावरून कळले. हा निधी तीन वर्षांच्या कापणीच्या सणांतून उभा राहिला होता. ज्यांनी हा सण पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की त्या दिवशी लोक गहू, बाजरी, अंडी, कोंबड्या, भोपळे असे जे घरचे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना संपल्यावर त्याचा लिलाव होतो. एखादा भोपळा घेणारा तो लगेच परत देतो, पुन्हा बोली लागते, आणि असा एकच भोपळा तीन-तीनदा विकला जातो. गेले ते हे पैसे.

त्यांनी आरोप मान्य केला नाही आणि नाकारलाही नाही. राजीनामा दिला, उपासनेला येणे बंद केले, आणि पंचमंडळाने ठराव करून त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवले. पोलिसांत तक्रार मात्र केली नाही. आपल्याच माणसाची बेअब्रू नको, असे कारण इतिवृत्तात नोंदलेले आहे. मला हे औदार्य वाटत नाही. प्रकरणाची सुनावणी कुठेच न झाल्यामुळे ते संपले नाही, इतकेच झाले. छत पुढे सहा पावसाळे गळत राहिले, आणि गळत होते ते नेमके बायका बसतात त्या बाजूला.

त्यांच्या जावयाचा फोन आला तेव्हा जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला होता, मूत्रपिंडे थांबली होती आणि दोनदा डायलिसिस झाले होते. डॉक्टरांनी जवळच्या लोकांना भेटून घ्यायला सांगितले होते. रुग्णाने स्वतः, प्राणवायूच्या मुखवट्याच्या आतून, दोन शब्द उच्चारले होते: पाळक, आणि भाकर. मी पेटी घेतली, आणि मोटारसायकल सुरू करण्यापूर्वी मंडळीच्या चिटणीसांना फोन केला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, कारण शिस्तीखाली असलेल्या सभासदाला पुन्हा सहभागी करून घेण्याचा अधिकार पंचमंडळाचा असतो, एकट्या पाळकाचा नव्हे. चिटणीस म्हणाले, “साहेब, तुम्ही जरूर द्या, पण आधी त्यांच्याकडून लिहून घ्या. निदान अंगठा घ्या. म्हणजे मला उद्या लोकांना तोंड दाखवता येईल.” मजकूर त्यांनीच फोनवर सांगितला आणि मी तो उपासनेच्या छापील पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घेतला. अमुक निधीतील अमुक रक्कम मी वैयक्तिक कारणासाठी वापरली हे मी मान्य करतो, असा तो होता.

चाळीस किलोमीटर पावसातून जाताना तो कागद माझ्या वरच्या खिशात होता आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला बजावलेच आहे की माणसाने आधी आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. मी ते वचन मनात घोळवीत होतो, म्हणजे मला हवे ते वचन मला सापडले होते.

विभागात दहा मिनिटांची मुदत मिळाली. त्यांच्या मानेत डायलिसिसची नळी होती, डोळे उघडे होते, आणि शुद्ध माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली होती. मी नाव सांगितले, त्यांच्या मोकळ्या हातावर हात ठेवला, आणि मग, आज लिहितानाही बोटे अडखळतात, खिशातून कागद काढून तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मुखवटा दोन बोटांनी किंचित वर केला आणि विचारले, “साहेब, सोनेतारण की स्थावर?”

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला या प्रश्नाची धार कळण्यासाठी थोडे थांबावे लागेल. मराठी बायबलमध्ये मनुष्याच्या पापापासूनच्या सुटकेला ‘तारण’ हा शब्द आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीतले जे तारणे, तेच हे. पण बाजारात, बँकेत आणि पतसंस्थेत तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू, आणि ती ठेवल्याशिवाय पैसा मिळत नाही. एका अर्थाने सोडवणारा देतो आणि दुसऱ्या अर्थाने मागणारा ठेवतो. ज्या माणसाने तीस वर्षे दुसऱ्या अर्थाच्या फायली हाताळल्या, त्याने पहिल्या अर्थासाठी मला बोलावले होते, आणि मी त्याच्यापुढे कर्जाचा अर्ज धरला होता. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी मी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरवर प्रवचन करतो. 1517 साली विटेनबर्ग येथे त्याने पंचाण्णव प्रबंध मांडले ते पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या पापदंडमाफीच्या पत्रांविरुद्ध, हे मी मुलांना प्रश्नोत्तरांत विचारतो. माझ्या हातातल्या कागदावर पैशाचा आकडा होता.

कागद खिशात गेला. तोंडाने काहीही द्यायचे नाही, अशी पाटी खाटेला होती. तिथल्या परिचारिकेने डॉक्टरांना विचारून चमच्यात मावेल इतक्याला परवानगी आणली. त्या बाईंना आमच्या विधीची काही माहिती नसावी, तरी त्यांनी खाट वर केली, मुखवटा काढला, आणि मी बोलत असताना यंत्राचा आवाज बंद करता येत नाही म्हणून क्षमा मागितली. भाकरीचा कण रसात भिजवून मी त्यांच्या जिभेवर ठेवला. मग इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील वचन म्हणू लागलो: “कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे...” त्यांनी मला तिथेच थांबवले. “झालेले आहे, असेच आहे ना? होईल, असे नाही?”

धर्मशास्त्राच्या विद्यालयात आम्हाला या एका क्रियापदावर जवळजवळ एक तासिका खर्च करून शिकवले होते. मूळ ग्रीकमध्ये तिथे पूर्ण झालेल्या आणि परिणाम अजून टिकून असलेल्या क्रियेचे रूप आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी ते ‘झालेले आहे’ या दोन शब्दांत नेमके पकडले आहे. पुढचे ‘हे देवाचे दान आहे’ यातले ‘हे’ कशाला उद्देशून आहे, यावरही पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रीकमध्ये ते सर्वनाम नपुंसकलिंगी आहे, तर कृपा आणि विश्वास या अर्थांचे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे ते त्या दोहोंपैकी एकाला न लागता त्या सबंध घटनेला लागते, असे बहुतेकांचे मत आहे. मराठीत तारण हा शब्दच नपुंसकलिंगी असल्याने वाचकाला हा पेच जाणवत नाही. मला हे सारे पाठ आहे. पण त्या क्रियापदाच्या काळाबद्दल स्वतःहून, जीव टांगणीला लागलेला असताना, विचारणारे हे माझ्या सेवेतले पहिले गृहस्थ. मी म्हणालो, “झालेले आहे.” ते म्हणाले, “मग बेबाकी दाखला म्हणायचा,” आणि डोळे मिटले. कर्ज पूर्ण फिटले, काही देणे उरले नाही, असे सांगणारा तो दाखला. पैशांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

इथे हे प्रकरण संपले असते तर मी ते लिहिले नसते. अशा कथा प्रत्येक पाळकाकडे असतात आणि त्या सांगताना आम्ही सगळेच थोडे वाहवतो. ख्रिस्ताशेजारी वधस्तंभावर असलेल्या अपराध्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला, पण सोमवारी त्याला बाजारात कोणी भेटले नाही. आमचे गृहस्थ मात्र बरे झाले. मूत्रपिंडे पुन्हा चालू लागली, एकोणीस दिवसांनी ते घरी आले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी, इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या बाकावर येऊन बसले.

त्या संध्याकाळची पंचमंडळाची सभा पावणेतीन तास चालली. चिटणीसांविषयी वाचकाचा गैरसमज होऊ नये. त्या अपहारानंतर दर रविवारचे दान दोघांनी मिळून मोजायचे ही पद्धत त्यांनी सुरू केली, आणि शेवटी छत दुरुस्त झाले तेव्हा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते स्वतः शिडीवर चढून कौले लावत होते. त्यांनी आवाज न चढवता एवढेच म्हटले, “साहेब, कृपा देवाची, हे मला मान्य आहे. पण पैसे आमचे होते.”

मी बायबलमधील जक्कयाची गोष्ट काढली. यरीहोचा तो मुख्य जकातदार उंबराच्या झाडावर चढला होता, आणि प्रभूने त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले ते त्याने एक पैसाही परत करण्याआधी. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत, हे त्याचे बोल नंतरचे आहेत. चिटणीस म्हणाले, “पण तो बोलला ना?” 1937 मध्ये जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर यांनी पश्चात्तापाशिवाय दिल्या जाणाऱ्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले आणि तिला मंडळीची वैरीण ठरवले, हे त्या सभेत कोणी उद्धृत केले नाही. पण मला ते सगळा वेळ ऐकू येत होते. रोमन कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यातही हेच सांगितले आहे की देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने, आणि सत्कर्मे त्यामागून फळासारखी येतात. जवळजवळ पाचशे वर्षांच्या भांडणानंतर तज्ज्ञांना जे एका वाक्यात मांडता आले, त्यात एक गोष्ट राहिलीच आहे, ती म्हणजे फळाची वाट किती दिवस पाहायची. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत म्हटले आहे की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडलेला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे गेली. रमाबाईंसारख्यांना आठ वर्षे लागली तर पतसंस्थेच्या कारकुनाला मी आठ आठवडे कसे देत होतो, हा विचार मला सभेत सुचला नाही. घरी आल्यावर सुचला.

सभेने शेवटी काहीच ठरवले नाही. आमच्या पंचमंडळाला ही कला चांगली साधलेली आहे.

जानेवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दानपेटीत एक बंद पाकीट येऊ लागले. आत 1,000 रुपये असतात, चिठ्ठी नसते, पण पाकिटावर त्यांचे नाव त्यांच्या वळणदार कारकुनी अक्षरात असते. हिशेब करायचा मोह कुणालाच आवरला नाही. या वेगाने 140 महिने, म्हणजे अकरा वर्षे आठ महिने लागतील, आणि गृहस्थांचे वय त्रेसष्ट आहे. पहिल्या चार पावत्या नव्या खजिनदार बाईंनी ‘इतर जमा’ म्हणून फाडल्या. मे महिन्यात त्या पावतीपुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या, कारण न्यासाच्या हिशेबांची वार्षिक तपासणी होते आणि तपासनिसांना रकमेचे खाते लागते. ‘जुनी येणे वसुली’ लिहावी, तर तशी येणे रक्कम आता पुस्तकात नाही. 2014 साली ती बुडीत धरून निर्लेखित केलेली आहे, आणि त्या ठरावावर चिटणीसांचीच सही आहे. म्हणजे पुस्तकाप्रमाणे त्या गृहस्थांकडे मंडळीचे काही देणे निघत नाही, आणि तेही गेली अकरा वर्षे, त्यांना कोणी न कळवता.

मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “आभारदान लिहा.” हे चिटणीसांना सांगितले तेव्हा प्रथमच त्यांचा आवाज चढला. “आभारदान माझी आई द्यायची, साहेब, कोंबडी विकून. ह्यांनी घेतलेले परत करायचे आणि त्याला दान म्हणायचे?” दोघांपैकी एकालाही मी खोटे म्हणू शकलो नाही.

मेची पावती माझ्या टेबलावर काचेखाली आहे. तिच्यावर तारीख, नाव, अक्षरी आणि अंकी रक्कम आणि खजिनदार बाईंची सही आहे, आणि ‘खाते’ या शब्दापुढची रेघ कोरी आहे. जूनचे पाकीट परवा आले.