जेवणाच्या सुट्टीतही लोड घेणारा कॉम्प्रेसर

एन्क्वायरी एका ओळीची होती : हवा कमी पडते, ३७ किलोवॅटच्या स्क्रू कॉम्प्रेसरचं, म्हणजे यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणाऱ्या मशीनचं, कोटेशन द्या. त्या कारखान्यात २२ किलोवॅटचा एक कॉम्प्रेसर आधीपासून चालू होता. माझ्यासोबतच्या सेल्स इंजिनिअरला कामाला लागून सहा महिने झाले होते. कोटेशन तिच्या हातात तयार होतं, महिनाअखेर चार दिवसांवर आली होती आणि फोरकास्टमध्ये, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या अंदाजात, ही ऑर्डर ९० टक्के खात्रीची म्हणून लिहिलेली होती. मी फक्त सोबत गेलो होतो.

सकाळी आधी परचेस विभागात बसलो. कोटेशनची पहिली दोन पानं उलटून तिथले अधिकारी म्हणाले, "महाग आहे. ५ टक्के कमी करा, ऑर्डर आजच काढतो." नवखी माणसं इथेच घसरतात. "महाग आहे" या दोन शब्दांचे निदान चार अर्थ होतात : तेवढं बजेटच नाही, दुसऱ्याचा दर कमी आहे, या वस्तूचा उपयोग अजून पटलेला नाही, किंवा घासाघीस करायची म्हणून केली. चारांची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि सूट हे त्यांतल्या जेमतेम एकाचं उत्तर आहे. तिने विचारलं, "कशाच्या तुलनेत, सर?" आणि ती गप्प बसली. प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं ऐकायला सोपं वाटतं, पण नव्या माणसाला पाच सेकंदांची शांतता सोसवत नाही. तो स्वतःच बोलून जातो आणि बहुतेक वेळा सूटच बोलून जातो. इथे उत्तर आलं, "तुलना नाही, पण यंदाच्या बजेटमध्ये हे धरलेलंच नव्हतं. गेल्या दोन महिन्यांतच अडचण सुरू झाली."

सूट देण्याचा हिशेब विक्रीतल्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यातच एकदा कागदावर मांडून पाहावा. किंमत १०० आणि त्यात नफा २० धरला, तर ५ टक्के सूट दिल्यावर नफा १५ उरतो. आधी तीन यंत्रं विकून जो नफा मिळायचा, तेवढ्यासाठी आता चार विकावी लागतात. ज्याच्या डोक्यात हे गणित बसलं, तो काही दिलं तर बदल्यात काही मागायला शिकतो : आगाऊ रक्कम, लवकर पेमेंट, जास्त संख्या, एकत्र डिलिव्हरी. पुढे तो कुठल्याही विभागात गेला, तरी वेळ, माणसं किंवा पैसा फुकट सोडून देत नाही.

पण त्या दिवशी कामाचा शब्द "दोन महिने" हा होता. दोन महिन्यांपूर्वी असं काय बदललं? हा प्रश्न परचेसला विचारून उपयोग नव्हता, म्हणून आम्ही मेंटेनन्सप्रमुखांकडे गेलो. वस्तू वापरणारा एक, विकत घेणारा दुसरा, पैसे मंजूर करणारा तिसरा आणि नाही म्हणण्याचा अधिकार असलेला चौथा, असं जवळजवळ प्रत्येक मोठ्या खरेदीत असतं. चौघांना अडचण वेगवेगळी दिसते. विक्रीत हा नकाशा पहिल्या भेटीपासून मनात काढावा लागतो. ज्याला तो काढता येतो, त्याला पुढे स्वतःच्या कंपनीत एखादा प्रस्ताव कुठे अडकला आहे ते लवकर उमगतं.

तिने विचारलेले प्रश्न असे होते : हवा नेमकी कुठल्या यंत्रावर कमी पडते? दिवसभर की ठरावीक वेळी? त्या वेळी टाकीवरचा गेज किती दाखवतो आणि यंत्राजवळचा किती? प्रेशर सेटिंग कधी बदललं का? उत्तरांतून चित्र उभं राहिलं. दोन महिन्यांपूर्वी सुमारे ३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा घेणारं एक नवं यंत्र बसलं होतं. त्यानंतर शेवटच्या टोकाच्या यंत्रावर कमी दाबाचा अलार्म येऊ लागला. उपाय म्हणून सेटिंग वाढवून ६.८ बारला (बार हे दाबाचं एकक) लोड आणि ७.६ बारला अनलोड असं ठेवलं, म्हणजे दाब ६.८ वर उतरला की कॉम्प्रेसर हवा भरू लागतो आणि ७.६ ला भरणं थांबवतो, आणि तेव्हापासून कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड लोडवर होता. दाब वाढवला की वीज वाढते, प्रत्येक बारमागे ढोबळमानाने ६ ते ७ टक्के. शिवाय लाइनमध्ये गळती असेल तर भोकं तीच राहून त्यांतून जाणारी हवाही वाढते. म्हणजे इलाजच आजाराला खतपाणी घालत होता.

१ वाजता जेवणाची सुट्टी झाली. मेंटेनन्सप्रमुखांची परवानगी घेऊन सगळी यंत्रं बंद ठेवली, लाइनचे व्हॉल्व्ह मात्र उघडेच ठेवले आणि कॉम्प्रेसर ऑटोवर सोडला. शेडमध्ये कुणीही हवा वापरत नव्हतं. तरीही सव्वा मिनिटाच्या आत कॉम्प्रेसरने लोड घेतला. त्या शांत शेडमध्ये तो आवाज ऐकून मेंटेनन्सप्रमुखांनी आमच्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

गळती मोजण्याची ही चाचणी साधी आहे. स्टॉपवॉचवर लोडचे सेकंद आणि अनलोडचे सेकंद लिहायचे, निदान पाच फेऱ्या घ्यायच्या आणि सरासरी काढायची. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागलं की कॉम्प्रेसरच्या क्षमतेतला गळतीचा वाटा मिळतो. इथे लोड ४८ सेकंद आणि अनलोड ७२ सेकंद आला. ४८ भागिले १२०, म्हणजे ४० टक्के. कॉम्प्रेसर १२५ सीएफएमचा होता, तेव्हा ५० सीएफएम हवा नुसती वाया जात होती. ही पद्धत लोड-अनलोड पद्धतीने चालणाऱ्या कॉम्प्रेसरलाच लागू पडते; वेग बदलणाऱ्या व्हीएफडी कॉम्प्रेसरसाठी फ्लो मीटर लावावा लागतो.

आकडा इतका मोठा होता की तिने तो दुसऱ्या मार्गाने ताडून पाहिला, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या, म्हणजे २ घनमीटर. ७२ सेकंदांत दाब ०.८ बारने उतरतो. २ गुणिले ०.८ भागिले १.२ मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे १.३३ घनमीटर, अर्थात ४७ सीएफएम. पाइपलाइनचं घनफळ धरलेलं नसल्यामुळे आकडा किंचित कमी आला, पण दोन्ही उत्तरं जुळली. आपल्याच ऑर्डरच्या मुळावर येणारा आकडा पुन्हा तपासून घेणं हे मला त्या दिवसातलं सगळ्यांत मोलाचं काम वाटतं.

त्यानंतर दीड तास साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाइन धुंडाळली. २३ जागा सापडल्या आणि प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी बांधली. बहुतेक गळती नेहमीच्याच ठिकाणी होती : झिजलेली क्विक कपलिंग, होजच्या सैल क्लिपा, एफआरएलच्या (हवा गाळून दाब नेमका करणाऱ्या भागाच्या) वाटीची कडक झालेली ओ-रिंग, टेफ्लॉन टेप नीट न गुंडाळलेले आटे. सगळ्यांत मोठी गळती मात्र टाकीखालच्या ऑटो ड्रेनमध्ये, म्हणजे टाकीत साचलेलं पाणी आपोआप बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, होती. आत कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिला होता. सात बारला ३ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण अर्धा घनमीटर हवा जाते, हे माहीत असलं की असा ड्रेन बघून अंगावर काटा येतो.

खरी नाजूक गोष्ट पुढे होती. ४० टक्के गळती हा आकडा प्लँटप्रमुखांसमोर मांडणं म्हणजे मेंटेनन्सप्रमुखांवर बोट ठेवणं. तिने आधी त्यांना एकट्यांना गाठून आकडे दाखवले आणि म्हणाली, "सर, आज आपण दोघांनी हे मोजलं. वर तुम्हीच सांगा. चिठ्ठ्यांची यादी मी तुम्हाला टाइप करून देते." ते म्हणाले, "मॅडम, मग तुमच्या मशीनचं काय?" तिने सरळ सांगितलं की गळती १० टक्क्यांवर आणली तर ३७ सीएफएमच्या आसपास हवा वापरायला मोकळी होते, नव्या यंत्राला ३० लागते, तेव्हा आत्ता मोठं मशीन घेण्याची गरज दिसत नाही.

हे चांगुलपणाचं वाटेल, पण यात रोकडा व्यवहारही आहे. गळती तशीच ठेवून मोठा कॉम्प्रेसर बसवला असता, तर काही महिने सगळं ठीक दिसलं असतं. मग विजेचं बिल वाढलं असतं, वाढीव दाबावर गळती आणखी वाढली असती आणि पुन्हा हवा कमी पडली की दोष मशीनवर आला असता. असा ग्राहक शेवटचा हप्ता अडवून ठेवतो. ज्या नोकरीत वसुलीही विकणाऱ्याकडेच असते, तिथे हे फार लवकर कळतं. नव्या मुलामुलींना मी म्हणूनच सांगतो, पहिली सेल्सची नोकरी निवडताना तीन गोष्टी विचारा : ग्राहकाच्या कामाच्या जागी जायला मिळतं का, वसुली कुणाकडे असते आणि पहिलं वर्ष कुणी जुना माणूस सोबत येतो का. पगारातला कमिशनचा भाग मी त्यानंतर बघेन.

उलटंही होतं, तेही सांगायला हवं. जिथे फक्त महिनाअखेरचा आकडा बघतात, तिथे दोन वर्षांत वाईट सवयी लागतात : तारीख माहीत नसताना डिलिव्हरीचा शब्द देणं, "बघू" म्हणजे "हो" असं लिहून टाकणं, नको असलेला माल महिनाअखेरीस ग्राहकाच्या गळ्यात मारणं. अशी माणसं पुढे प्रोजेक्टमध्ये गेली की तिथेही तेच करतात.

संध्याकाळी तिला सगळ्यांत जड गेलं ते फोरकास्ट बदलणं. ९० टक्के खोडून शून्य लिहायचं होतं, तेही महिना संपायला चार दिवस असताना. ती म्हणाली, "सर, ३० तारखेला सांगितलं तर?" मी तिला एवढंच सांगितलं की त्या ९० टक्क्यांवर विसंबून गोदामात एक मशीन तिच्या नावाने अडवून ठेवलं आहे आणि दुसऱ्या कुणाला ते या महिन्यातच हवं असेल. तिने तिथूनच मॅनेजरना फोन केला. आधी निकाल सांगितला, मग कारण, मग गळतीचे आकडे, सबबी नाहीत. विक्रीतून डिझाइनमध्ये, खरेदीत किंवा स्वतःच्या धंद्यात गेलेल्यांपैकी ज्यांच्याशी काम करायला मला आवडतं, त्यांच्यात हे हमखास सापडतं. वाईट बातमी ते पोटात ठेवत नाहीत. कुणी तक्रार आणली की आधी "कधीपासून?" विचारतात, आणि भेट झाली की त्याच दिवशी लिहून काढतात.

तिचा व्हिजिट रिपोर्ट एका पानाचा होता. कोण भेटलं, कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, दोन्ही पद्धतींचे आकडे, २३ जागांची यादी आणि पुढची पायरी : दुरुस्ती त्यांच्याकडे, तीन आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी आपल्याकडे, जेवणाच्या सुट्टीत, त्याच सेटिंगवर. "फॉलोअप करणे" असं मोघम लिहिलं की तो कधीच होत नाही. पायरीपुढे नाव आणि तारीख लागते.

३७ किलोवॅटची ती ऑर्डर आली नाही. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच शेडमध्ये उभे होतो. १ वाजता यंत्रं थांबली, कॉम्प्रेसर ३२ सेकंद लोडवर चालून अनलोड झाला, आणि मेंटेनन्सप्रमुखांनी या वेळी स्टॉपवॉच स्वतःच्या हातात घेतलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. कुणी बोललं नाही. लोडचा आवाज आला तेव्हा घड्याळात ४ मिनिटं ४८ सेकंद झाले होते.